करंगळी बरी आहे हे लिहिलंत, बरं झालं

«ताई, नमस्कार. मी कऱ्हाडची, वय ५१. चौदा वर्षं पोळी-भाजी केंद्र चालवते. रोजच्या पावणेदोनशे-दोनशे पोळ्या होतात, मदतीला एक बाई आहे. पाच महिने झाले, रात्री दोन-अडीचला जाग येते तेव्हा उजवा हात मेल्यासारखा झालेला असतो. झटकला, पलंगाखाली लोंबत सोडला की पाच-दहा मिनिटांनी ताळ्यावर येतो. स्कूटी चालवताना आणि फोन धरतानाही मुंग्या येतात. करंगळीला काही नाही, बाकीच्या बोटांना. आता डाव्या हातालाही सुरू झालंय. दुसरं म्हणजे, दोन-अडीच महिन्यांपासून सकाळी साडेपाचला उठते तर सात वाजेपर्यंत बोटं वळत नाहीत. मुठीच्या उंचवट्यांवर सूज आहे, लग्नातली अंगठी निघत नाही, बांगड्या चढत नाहीत. दोनदा हातातून कप पडला.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी दुखण्याची गोळी आणि बी-ट्वेल्व्हची इंजेक्शनं दिली. मग हाडांच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी नसेची तपासणी करून सांगितलं, कार्पल टनल आहे, ऑपरेशन करून टाकू. जाऊबाई म्हणतात, हा संधिवात, तुमच्या आईला होता तोच. संधिवातावर कुठं ऑपरेशन असतं का, काढा घ्या. माझ्या आईची बोटं शेवटी पार वाकडी झाली होती, त्यामुळे मला झोप नाही. मला नक्की काय झालंय, संधिवात की कार्पल टनल? एकातून दुसरं होतं का? ऑपरेशननंतर पोळ्या लाटता येतील का? दिवाळीच्या फराळाच्या ऑर्डरी घ्यायच्या की नाही, तेही ठरवायचंय.»

ताई, तुमच्या पत्रात मला सगळ्यात उपयोगी पडलेला शब्द 'करंगळी' आणि सगळ्यात फसवा शब्द 'की'. हाडांचे डॉक्टर एका बाजूला, जाऊबाई दुसऱ्या बाजूला, आणि तुम्ही मध्ये उभं राहून कोण खरं ते विचारताय. माझ्या अंदाजानं दोघंही अर्धे-अर्धे बरोबर आहेत. अंदाज म्हणते, कारण हात न बघता निदान करायचं नसतं. पण तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलंय की अंदाज बांधायला पुष्कळ जागा आहे.

आधी त्या बोगद्याबद्दल, कारण 'कार्पल टनल' म्हणजे मनगटातला बोगदा. घराच्या भिंतीतून वायरमन पाइप टाकतो आणि त्यातून वायरी ओढतो, ते तुम्ही पाहिलं असेल. मनगटातही तळहाताच्या बाजूला तसाच एक पाइप आहे. त्याची जमीन आणि भिंती मनगटाच्या छोट्या हाडांच्या, आणि छत एका जाड, चिवट पट्ट्याचं. यातलं काहीच ताणलं जाऊन मोठं होत नाही. या एवढ्याशा जागेतून दहा गोष्टी जातात. त्यातल्या नऊ म्हणजे बोटं वळवणाऱ्या दोऱ्या, म्हणजे स्नायूबंध : चार बोटांना प्रत्येकी दोन आणि अंगठ्याला एक. दहावी मीडियन नावाची नस. दहांत सगळ्यात मऊ तीच. त्यामुळे आत गर्दी झाली की दोऱ्या तग धरतात आणि बोंब नस मारते.

या नशीकडे अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अंगठ्याकडची अर्धी बाजू यांची संवेदना असते. करंगळीची नस वेगळी, ती या बोगद्यातून जातच नाही. म्हणून करंगळी शाबूत आणि बाकीची बोटं बधिर, हे ऐकलं की डॉक्टरचे डोळे मनगटाकडे जातात. आज घरी एक करून बघा. कापसाचा बोळा अनामिकेच्या दोन्ही कडांवरून हळूच फिरवा. अंगठ्याकडची कड मंद आणि करंगळीकडची कड जागी वाटली, तर हाडांच्या डॉक्टरांच्या निदानाला तुमच्याच बोटानं दुजोरा दिला म्हणायचं. रात्रीचं कारणही साधं आहे. झोपेत आपण मनगट दुमडून उशीखाली किंवा हनुवटीखाली घेतो. दुमडलं की बोगद्यातला दाब वाढतो आणि नशीला रक्त कमी पडतं. हात झटकून बरं वाटणं ही तर या आजाराची इतकी ओळखीची खूण आहे की रुग्ण दाराशीच हात झटकून दाखवतात आणि आम्ही मनातल्या मनात निदान लिहून मोकळे होतो.

तेव्हा नस दाबली जातेय, हे मान्य. पण नसेची तपासणी एवढंच सांगते की दाब आहे, कुठं आहे आणि किती आहे. का आहे, ते ती सांगत नाही. वायर गरम झाल्याचं कळलं, पण पाइपात काय शिरलंय ते अजून कुणी बघितलेलंच नाही.

आता सकाळकडे येऊ. साडेपाच ते सात. दीड तास! हे तुम्ही हाडांच्या डॉक्टरांना सांगितलं होतंत का? मला शंका आहे. आपल्याकडे बहुतेक जण रात्रीचं दुखणं एका डॉक्टरला सांगतात आणि सकाळचं दुसऱ्याला. मग दोन डॉक्टर दोन निदानं करतात आणि फाइल जाड होत जाते. नुसत्या कार्पल टनलमध्ये सकाळी बोटं जड वाटतात, पण थोडी हलवली की सुटतात. झिजेच्या संधिवातातही सकाळचा आखडलेपणा असतो, पण तो सहसा पंधरा-वीस मिनिटांत जातो. तासाच्या वर टिकणारा आखडलेपणा, दोन्ही हातांत, मुठीच्या उंचवट्यांवर सूज, आणि आईची बोटं वाकडी झालेली, हे सगळं एकत्र आलं की आमवाताची शंका घ्यावीच लागते. डॉक्टरी भाषेत रुमॅटॉइड आर्थ्रायटिस, दवाखान्यांत नुसतं 'आर.ए.'.

सुजेबद्दल एक बारीक गोष्ट. कार्पल टनलचे रुग्ण अनेकदा म्हणतात, 'हात सुजल्यासारखा वाटतो'. बघावं तर सूज नसते. मेंदूला बधिर हात मोठा भासतो, दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यावर ओठ भोपळ्यासारखा वाटतो तसा. पण तुमची अंगठी निघत नाहीये. अंगठीला भास होत नसतो.

आणि 'संधिवात' या आपल्या शब्दानं गोंधळात भरच घातली आहे. सांध्यांचे शंभरावर वेगवेगळे आजार आहेत आणि आपण सगळ्यांना एकाच पिशवीत टाकतो. आजीचे झिजलेले गुडघे संधिवात, काकांचा युरिक ॲसिडनं सुजलेला पायाचा अंगठा संधिवात, आणि तुमच्या आईची वाकडी बोटंही संधिवात. तुमच्या प्रश्नाचं उत्तर मात्र यातला कुठला, यावरच ठरतं.

झिजेचा संधिवात आणि कार्पल टनल हे बऱ्याचदा नुसते शेजारी असतात. दोन्ही पन्नाशीच्या बायकांत जास्त. अंगठ्याच्या मुळाचा सांधा झिजलेला आणि त्याच हाताची नसही दाबलेली, असं एकत्र पुष्कळदा दिसतं, पण एकानं दुसऱ्याला जन्म दिलेला असतोच असं नाही. मनगटाचं जुनं हाड वेडंवाकडं जुळलं असेल किंवा मनगटाचाच सांधा झिजून हाडाची टोकं वाढली असतील, तर बोगदा अरुंद होऊ शकतो. तेवढं सोडलं तर नातं दूरचं.

आमवाताचं नातं मात्र घरातलं आहे. सांध्यांच्या आतून एक पातळ, ओलसर अस्तर असतं. आमवातात शरीराची संरक्षणयंत्रणा चुकून या अस्तरावरच उठते. ते सुजतं, जाड होतं, पाणी धरतं. आता गंमत बघा : बोगद्यातल्या त्या नऊ दोऱ्यांवरही याच जातीचं अस्तर असतं, घर्षण होऊ नये म्हणून. आजाराला सांधा कोणता आणि दोरी कोणती, हा भेद कळत नाही. तो अस्तर ओळखतो आणि तिथं जातो. पाइप तेवढाच, आतल्या वायरींवरचं आवरण दुप्पट जाड, मग नशीला जागा उरणार कुठून? म्हणून आमवाताच्या रुग्णांत कार्पल टनल बरंच दिसतं, आणि काही जणींच्या बाबतीत तर रात्रीच्या मुंग्या हीच त्या आजाराची पहिली खूण ठरते. सांधे मागून बोलायला लागतात. तुमच्या पत्रातला क्रम अगदी असाच आहे, आधी रात्र आणि अडीच-तीन महिन्यांनी सकाळ.

उलटं होत नाही. कार्पल टनलमधून संधिवात उद्भवत नाही, आणि कार्पल टनलचं ऑपरेशन केल्यानं संधिवात बराही होत नाही.

आता उद्यापासून काय करायचं ते.

सगळ्यात आधी दोन्ही तळवे उजेडात शेजारी-शेजारी धरा आणि अंगठ्याखालची गादी बघा. एका हाताची गादी दुसऱ्यापेक्षा सपाट, खोलगट दिसतेय का? अंगठा करंगळीच्या टोकाला नेऊन दाबताना जोर लागत नाही का? बधिरपणा आता फक्त रात्री नसून दिवसभर, चोवीस तास राहतो का? यातलं एकही 'हो' असेल, तर या पत्राचा पुढचा भाग बाजूला ठेवा आणि हाडांच्या डॉक्टरांना लगेच भेटा. नस फार काळ दाबली गेली की त्या गादीचे स्नायू वाळतात आणि वाळलेला स्नायू ऑपरेशननंतरही पुरता परत येईल याची खात्री नसते. कप दोनदा पडला, हे मला खटकलंय म्हणून हे आधी लिहिलं.

गादी भरलेली असेल आणि बधिरपणा येऊन-जाऊन असेल, तर ऑपरेशनची तारीख थोडी पुढं ढकलायला हरकत नाही. रद्द नको, फक्त पुढं. डॉक्टरांशी भांडायचंही कारण नाही. एवढंच म्हणा : 'डॉक्टर, सकाळी दीड तास बोटं वळत नाहीत, सांधे सुजलेत, आईची बोटं संधिवातानं वाकडी झाली होती. आधी आमवाताच्या तपासण्या करून घेऊ या का?' बहुतेक डॉक्टर हो म्हणतील, काही तर हे आधी का नाही सांगितलं म्हणून रागावतील.

तपासण्या कुठल्या? रक्ताच्या चार : आर.ए. फॅक्टर आणि अँटी-सीसीपी आमवाताच्या खुणा शोधतात, ईएसआर आणि सीआरपी अंगातली सूज मोजतात. त्याबरोबर थायरॉइडची टीएसएच आणि तीन महिन्यांची साखर, कारण थायरॉइड मंदावणं आणि मधुमेह हेही नस दाबण्यामागचे नेहमीचे संशयित आहेत. हाताचा एक्स-रे. आणि जमलं तर मनगटाची सोनोग्राफी. दोऱ्यांवरचं अस्तर सुजलंय का आणि नस फुगलीय का, हे तिच्यात एकाच वेळी दिसतं. पाइपात डोकावण्याचा हा सगळ्यात सोपा मार्ग.

आर.ए. फॅक्टरबद्दल एक सावधगिरी. तो 'पॉझिटिव्ह' आला म्हणून आमवात झालाच असं नाही, वयस्कर निरोगी माणसांतही तो कधी कधी पॉझिटिव्ह येतो. आणि 'निगेटिव्ह' आला म्हणून सुटलो असंही नाही, कारण आमवात असलेल्या पाचांतल्या साधारण एकाच्या रक्तात तो सापडत नाही. अँटी-सीसीपी जास्त भरवशाची. पण शेवटी निदान बोटांनी सांधे दाबून, सूज चाचपून होतं, लॅबच्या कागदावर होत नाही. म्हणून रिपोर्ट व्हॉट्सॲपवर भाच्याला पाठवून निकाल मागवू नका. संधिवाततज्ज्ञ, म्हणजे रुमॅटॉलॉजिस्ट, गाठा. कऱ्हाडहून कोल्हापूर, सांगली-मिरज किंवा पुणे, जिथं लवकर वेळ मिळेल तिथं. दोन-तीन आठवड्यांच्या आत. आमवातात पहिले काही महिने फार मोलाचे असतात. तेव्हा औषध लागू पडलं तर सांधे वाचतात, एकदा हाड कुरतडलं गेलं की ते भरून येत नाही.

त्यांना आणखी दोन गोष्टी आपणहून सांगा. या पावसाळ्यात किंवा गेल्या वर्षी ताप येऊन सगळे सांधे धरले होते का? चिकुनगुनियानंतर महिनोन्‌महिने सांधे सुजलेले राहतात, मनगटातल्या दोऱ्याही सुजतात आणि त्यातून नस दाबली जाऊ शकते. हुबेहूब तुमच्यासारखं चित्र. आणि अंगावर कुठं फिकट किंवा लालसर, स्पर्श न कळणारा चट्टा आहे का? कुष्ठरोगात नसा जाड होतात आणि हात बधिर होतो. बहुधा करंगळीकडून सुरुवात होते, त्यामुळे तुमच्याबाबत शक्यता कमी. पण महाराष्ट्रात हाताच्या बधिरपणाचा विचार करताना हा प्रश्न विचारायचा राहून जाऊ नये. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं आणि आजार पूर्ण बरा होतो.

तज्ज्ञांची भेट होईपर्यंत रात्रीची सोय आजच करा. मेडिकल दुकानात मनगटाचा स्प्लिंट मिळतो, वेल्क्रोचा पट्टा आणि आत धातूची पट्टी. घेताना एक बघा : बऱ्याच स्प्लिंटमधली ती पट्टी मनगट वरच्या बाजूला वाकवून धरणारी असते. नशीला सगळ्यात कमी दाब मनगट सरळ असताना पडतो. ती पट्टी सरकवून बाहेर निघते, हातानं सरळ करा आणि परत घाला. बोटं मोकळी राहिली पाहिजेत, पट्टा आवळायचा नाही. रात्री दोन्ही हातांना. पोळ्या लाटताना घालू नका, मनगट अडलं की माणूस कोपरानं आणि खांद्यानं लाटतो आणि नवीन दुखणं ओढवून घेतो. दोन-तीन रात्रींत फरक नाही पडला म्हणून कपाटात टाकू नका, सहा आठवडे द्या. क्रेप बँडेज घट्ट गुंडाळणं मात्र बंद. दाब आधीच जास्त आहे.

बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनांनी नुकसान नाही, पण तिच्या कमतरतेच्या मुंग्या सहसा दोन्ही पायांपासून सुरू होतात, एका हाताच्या साडेतीन बोटांत नाही. 'नसेची ताकद' म्हणून बी-सिक्सच्या मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊ नका, जास्त झालं तर तेच जीवनसत्त्व नसांना इजा करतं. दुखण्याच्या गोळीनं सांधे थोडे सैल होतील, पण दाबलेली नस मोकळी होणार नाही, आणि महिनोन्‌महिने रोज घेतली तर पोट आणि मूत्रपिंडं हिशेब मागतात.

काढ्याचं काय? वैद्यांकडून, नावानिशी लिहून दिलेलं औषध घेत असाल तर दोन्ही डॉक्टरांना त्याची चिठ्ठी दाखवा, लपवू नका. माझा राग बिनलेबलाच्या पुड्यांवर आहे. 'तीन दिवसांत गुण' देणाऱ्या अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं सापडतं. गुण येतोच, आला नाही तर नवल. मग चेहरा फुगतो, साखर चढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी अचानक बंद केली तर माणूस कोसळतो. जाऊबाईंची माया खरी आहे, पुडीचा भरवसा नाही. वांगं, बटाटा, चिंच बंद करायचंही माझ्याकडून बंधन नाही. एखाद्या पदार्थानं तुमचंच दुखणं वाढतं असं वाटलं तर तेवढा टाळा.

समजा, आमवात ठरला. मग बहुधा मेथोट्रेक्सेटनं सुरुवात होईल. हे औषध जुनं, स्वस्त आणि या आजारात पहिल्या पसंतीचं आहे. पण ते आठवड्यातून एकदाच घ्यायचं असतं. ताई, हे वाक्य घरातल्या सगळ्यांना मोठ्यानं वाचून दाखवा. चुकून रोज घेतल्यामुळे माणसं दगावली आहेत. एक वार ठरवा, पाकिटावर पेननं तो वार लिहा, आणि सोबतच्या फॉलिक ॲसिडची गोळी डॉक्टर सांगतील त्या दिवशीच घ्या. मधून मधून यकृताच्या आणि रक्तपेशींच्या तपासण्या कराव्या लागतात, त्या चुकवायच्या नाहीत. गुण यायला दीड ते तीन महिने लागतात. तोवर डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइडची कमी मात्रा देतील. त्याला घाबरू नका. मोजून-मापून, ठरलेल्या मुदतीसाठी दिलेलं स्टेरॉइड आणि पुडीतलं स्टेरॉइड यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

अस्तराची सूज उतरली की बोगद्यातली गर्दीही कमी होते, आणि बऱ्याच जणींच्या रात्रीच्या मुंग्या सुरी न लावताच ओसरतात. मधल्या काळात बोगद्यात स्टेरॉइडचं एक इंजेक्शन देता येतं. काही आठवडे ते काही महिने आराम पडतो. साखर असेल तर काही दिवस वाढते, एवढं लक्षात ठेवायचं.

सूज उतरूनही नस दाबलेलीच राहिली, तर ऑपरेशन. तेव्हा ते करायला कचरू नका, चांगलं ऑपरेशन आहे. हात बधिर करून, तळहाताच्या मुळाशी छोटा छेद घेऊन ते चिवट छत कापतात. साधारण अर्ध्या तासाचं काम, त्याच दिवशी घरी. आमवात असेल तर सर्जन दोऱ्यांवरचं सुजलेलं अस्तरही काढतो कधी कधी, कारण त्या सुजेनं कुरतडून दोरी तुटण्याचा धोका असतो. आमवाताचा पत्ता नसताना घाईनं नुसतं छत कापलं, तर हेच राहून जातं. म्हणून माझा आधी तपासणीचा आग्रह.

पोळ्या लाटता येतील का? येतील. टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात. चमचा, कंगवा, फोन आधीच जमतो. कणीक मळणं आणि दोनशे पोळ्या म्हणजे जोराचं काम, त्याला महिना-दीड महिना सोडा. तळहाताच्या मुळाशी दाबलं की दुखणं दोन-तीन महिने राहतं आणि लाटण्याचा दाब नेमका तिथंच येतो, त्यामुळे सुरुवातीला हिरमोड होईल. पकडीची ताकदही हळूहळू येते. दोन्ही हातांचं एकदम करून घेऊ नका, वेणी घालायलाही कुणाची वाट बघावी लागेल. रात्रीच्या मुंग्या मात्र बहुतेकींच्या पहिल्याच काही रात्रींत जातात.

'हे पोळ्यांमुळेच झालं का', असं तुम्ही विचारलं नाहीत, पण मनात असणार. आमवात पोळ्यांनी होत नाही. नशीवरचा दाब जोराच्या आणि वाकलेल्या मनगटाच्या कामानं वाढतो. लोकांना हा कॉम्प्युटरवाल्यांचा आजार वाटतो, प्रत्यक्षात टायपिंगपेक्षा जोर लावून पकडण्याच्या आणि कंप देणाऱ्या यंत्रांच्या कामाशी त्याचं नातं अधिक घट्ट आहे. बायकांत तो पुरुषांपेक्षा साधारण तिप्पट दिसतो. मळणं, पिळणं, किसणं, घासणं या कामांना ऑफिसची खुर्ची नसते, म्हणून त्यांची चर्चा होत नाही, एवढंच.

तेव्हा काम बंद करू नका, बदला. कणीक मळायचं यंत्र घ्या. चौदा वर्षांच्या धंद्यात हा खर्च आधीच व्हायला हवा होता. लाटणं थोडं जाड घ्या आणि मुठीत आवळून धरण्याऐवजी तळव्याखाली फिरू द्या. पोळपाटाची उंची अशी ठेवा की लाटताना मनगट सरळ राहील. तव्यावरची पोळी बोटांच्या चिमटीनं उलटण्यापेक्षा उलथनं वापरा. भरलेलं पातेलं दोन्ही हातांनी उचला. वीस-पंचवीस पोळ्या झाल्या की दोन मिनिटं हात खाली सोडा आणि त्या वेळात मदतनीस बाईंना लाटू द्या.

दिवाळीच्या ऑर्डरी घ्या, पण चकली नको. सोऱ्या दाबून पिळणं म्हणजे घट्ट पकड, वाकलेलं मनगट आणि जोर, तिन्ही एकदम, तेही किलोकिलोच्या हिशेबानं. शेव त्याच कारणानं यंत्रावर. चिवडा, शंकरपाळे चालतील, शंकरपाळ्यांची कणीकही यंत्रातच. बेसन भाजायला घरातल्या पुरुषमंडळींना उभं करा. उलथनं फिरवायला पाककौशल्य लागत नाही.

आणि ती अंगठी आजच काढा. साबणाच्या पाण्यात हात बुडवून बघा. नाहीतर शिवणाचा रेशमी दोरा अंगठीखालून सरकवून पुढं सांध्यावर जवळजवळ गुंडाळा आणि अंगठीखालचं टोक बोटाच्या टोकाकडे ओढत सोडवत आणा, दोऱ्यावरून अंगठी घसरत येते. नाहीच निघाली तर सोनाराकडे जा. त्याच्याकडे एवढ्याशा कामाची बारीक करवत असते, दोन मिनिटांत कापून देईल. लग्नातली आहे म्हणून जीव अडकेल, पण सांधा आणखी सुजला आणि बोट निळं पडायला लागलं तर तीच करवत रात्री शोधावी लागेल. सूज उतरल्यावर तो ती जोडूनही देतो. तेव्हाच माप घ्यायला सांगा, आत्ता नको.